रात्री उठल्या उठल्या आई पडते, काय करू?

प्रश्न: आई ७८ वर्षांची आहे. दिवसा ठणठणीत, पण रात्री बाथरूमला उठली की तोल जातो, महिन्यात दोनदा पडली. फरशी कोरडी होती, लाइटही चालू होता. मग का?

उत्तर: आधी बीपी बघा, आणि ते बसवून एकदाच घेऊन कळत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर डोक्याकडे रक्त कमी पडतंय, अंधारी येते ती त्यानेच. (उभं करताना कोणीतरी त्यांना धरायला पाहिजेच, आपण मशीन बघतोय आणि आई खाली असं नको व्हायला.) मग गोळ्यांचा डबा उघडा. झोपेच्या, बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या आहेत का? लघवीची गोळी संध्याकाळी घेत असतील तर रात्री चारदा उठणं आलंच, ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, मनाने मात्र काही बंद करू नका. आणि उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, पावलं वर-खाली वीसेक वेळा हलवायची, उभं राहिल्यावर पलंग धरून जरा थांबायचं, मग पहिलं पाऊल.

प्रश्न: पॅरालिसिसनंतर बाबा पलंगाचे कठडे ओलांडून उतरायला बघतात. रात्री हात बांधून ठेवले तर?

उत्तर: नका हो. कठड्यावरून पडलेला माणूस जास्त उंचावरून पडतो, आणि बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, त्याची ताकद जाते ती वेगळीच. आधी ते उठतात कशासाठी ते शोधा. आमच्या वॉर्डात एक आजोबा रोज पहाटे तीनला असेच पाय बाहेर काढायचे, सगळे म्हणायचे हट्टी आहेत. नीट बघितलं तर युरिनचं भांडं त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेलं! ते चांगल्या हाताशी आणलं, अडीचला आम्हीच जाऊन विचारायला लागलो, चढणं थांबलं. पलंग जितका खाली करता येईल तितका करा, चष्मा, पाणी, बेल सगळं चांगल्या हाताच्या बाजूला.

प्रश्न: उजवा गुडघा दुखतो, काठी उजव्याच हातात धरायची ना?

उत्तर: डाव्या. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे. चप्पल-बूट घालून, हात सैल सोडून उभं राहा, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला.

प्रश्न: पडल्यावर लगेच उचलायचं का?

उत्तर: काखेत हात घालून ओढायची घाई सगळेच करतात, तेच करू नका. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, खुब्यात कळ येते, मान दुखते असं असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि अँब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर ते हसत बोलत असले तरी हॉस्पिटल गाठा, आत रक्तस्राव हळूहळू होतो. काहीच दुखत नसेल तर कुशीवर वळवून, गुडघ्यांवर आणून, समोर भक्कम खुर्ची ठेवा आणि त्यांना स्वतःच्या जोरावर उठू द्या, आपण फक्त आधार. नंतर वेळ, जागा आणि पडायच्या आधी काय करत होते ते वहीत लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.