वही कुणासाठी?

“अठरा पूर्ण झाली, तरी डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही हो. सगळं मलाच सांगावं लागतं.” आजार कधी दमा असतो, कधी थॅलेसेमिया, कधी फिट्स. आयांचं वाक्य मात्र तेच.

ओंकारची (नाव, तपशील बदललेत) आईही त्याला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तेच म्हणाली. त्याला आठव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह, म्हणजे इन्सुलिनला पर्याय नाही. आता वय 19, इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. बालरोगतज्ज्ञांनी मोठ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, तिथे हा फिरकलाच नाही. दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी 10.4 टक्के, म्हणजे खूपच जास्त. आईने पर्समधून त्याची रोजच्या साखरेची वही काढली, तिथे मात्र सगळं छान. 112, 124, 118. सगळे आकडे एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिलेले.

पुढच्या भेटीत आईला बाहेर बसवलं.

“वही कुणासाठी लिहितोस?”

“आईसाठी.”

“आणि डॉक्टरांना काय सांगतोस?”

“मला कुठे विचारतात? आईकडे बघून म्हणतात, ‘इंजेक्शन वेळेवर घेतो ना?’”

मी चपापले. पहिल्या भेटीत मीही आईलाच विचारलं होतं!

मग हळूहळू निघालं. मेसमध्ये पोरं बघतात म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिन राहून जातं. खरा आकडा लिहिला की घरी रडारड.

मी नेहमी बोलण्यातला ‘च’ शोधते. आईचा होता, “साखर नॉर्मलच आली पाहिजे.” दोघांना समोर बसवून विचारलं, “नाही आली तर?” आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “रात्री तीनला उठून त्याची साखर बघायचे मी. आता तीनला जाग येते आणि करायला काहीच नसतं.” ओंकारने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. औषधाच्या जोरावर हे होत नाही, असं माझं पंचवीस वर्षांचं मत आहे.

पालकांना माझं सांगणं, अठराची वाट बघू नका. चौदा-पंधरापासून तपासणीची पहिली दहा मिनिटं मुलाला एकट्याला द्या. अपॉइंटमेंट त्यानेच घ्यावी. आजार, डोस, शेवटचे रिपोर्ट त्याच्या मोबाइलमध्ये असावेत. जुने डॉक्टर सोडण्याआधी नव्यांना एकदा भेटून यावं. अठरानंतर उपचारांची संमती कायद्यानेही त्याचीच लागते. फोनवर आधी “जेवलास का?”, आकडा तो सांगेल तेव्हा. एक गोष्ट मात्र हॉस्टेलमधल्या रूममेटलाही माहीत हवी. साखर चढून उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर थेट हॉस्पिटल. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही.

ओंकार नव्या डॉक्टरांकडे एकटा जाऊन आला. परवा वही दाखवली. 186, 240, 97. तीन वेगळी पेनं, आणि एका पानावर मेसच्या आमटीचा पिवळा डाग.