बोटांनी फाकवलं, एकाच थरात शिवलं

प्रश्न : माझं पहिलं सिझेरियन लहान रुग्णालयात झालं. पोटाचे थर बोटांनी फाकवले आणि गर्भाशय एकाच थरात शिवलं, असं कळलं. साधनं नव्हती म्हणून काटकसर केली का?

उत्तर : काटकसर झाली ताई, पण चांगल्या अर्थाने. मीही अशाच रुग्णालयात वर्षं काढली. रात्री दोनला दोऱ्याची शेवटची दोन पाकिटं उरली, की हात आपोआप जपून चालतो. त्वचेवर आडवा छेद, मग दोन्ही तर्जनी घालून स्नायू बाजूला ओढायचे. यात रक्त कमी जातं, वेळही वाचतो. एक थर की दोन, पोटाचं अस्तर शिवायचं की नाही, दोरा कॅटगटचा की पॉलिग्लॅक्टिनचा (दोन्ही शरीरात विरघळणारे), हे सारं कोरोनिस नावाच्या सिझेरियनच्या पद्धतींवरच्या चाचणीत ७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांमध्ये तपासलं. २०१३च्या निकालात ठळक फरक दिसला नाही, तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही नाही. (मी मात्र दोन थरच घालायचो. सवय, दुसरं काय!)

तुम्ही कागदपत्रांत एवढंच बघा : गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा? उभा असेल तर पुढच्या वेळी कळांची वाट बघू नका, सिझेरियनची तारीख डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.