तुमचा प्रश्न, ताईचं उत्तर : गॅदरिंगचं नाटक

प्रश्न : ताई, मी चोपड्याचा, दहावीत आहे. गॅदरिंगला आम्ही अहिराणी-मराठी कॉमेडी बसवतोय, पोराला वर्गातली पोरगी आवडते पण सांगता येत नाही असं. सर म्हणतात दोन भाषा नको, गोंधळ होईल. काय करू?

उत्तर : अरे दोन भाषा ठेवच, तुझ्या नाटकाचा जीव तिथेच आहे! सरांना नम्रपणे सांग की १९०७ साली ग्रियर्सन या इंग्रज काळातल्या भाषा अभ्यासकाच्या सर्वेक्षणातही खानदेशीची, म्हणजे आपल्या अहिराणीची, वेगळी नोंद झालीय, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बऱ्याच घरांत हेच चालतं, वर्गात मराठी आणि घरी अहिराणी, मग स्टेजवर का चालू नये.

आता गंमत कशी आणायची बघ, पोरगी पुण्याहून आलेली दाखव, पोराला वाटतं हिला अहिराणी कळत नाही म्हणून तो तिच्यासमोरच मित्राला बिनधास्त सांगतो, “तिनी वही मनाजोडे शे, पन देवाले हिंमतच व्हत नही” (तिची वही माझ्याकडे आहे, पण द्यायला हिंमतच होत नाही), आणि तिची आजी अमळनेरची, तिला सगळं कळतंय. हे प्रेक्षकांना आधीच कळू दे, म्हणजे आधी आजीशी फोनवर बोलतानाचा तिचा छोटा सीन टाक, नाहीतर हशा येणारच नाही. ती ऐकून फक्त पुस्तकाची पानं उलटत राहते, बाकी काही नको. अहिराणी बोलणारा म्हणजे येडा असं मात्र अजिबात दाखवू नको, मला त्याचा फार राग येतो, सगळ्यात खरं बोलणं त्याच भाषेत येऊ दे.

शेवटी तिने अहिराणीतच उत्तर द्यायचं, एकच वाक्य, आणि लगेच पडदा.