जूनअखेर मोनॅकोला जातोय. कॅसिनोखेरीज काय पाहावं?
२३ जूनची संध्याकाळ मोकळी ठेवा. संत योहानाच्या सणाची ती पूर्वसंध्या. राजवाड्यासमोरच्या चौकात होळी पेटते आणि पारंपरिक वेशातली मंडळी तिच्याभोवती नाचतात. माझ्या मते कॅसिनोच्या दारातल्या महागड्या गाड्या बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. राजवाडा उभा आहे तो हाच खडक, जिथला किल्ला १२९७ मध्ये फ्रान्स्वा ग्रिमाल्दीने साधूच्या वेशात शिरून घेतला, असं सांगतात. त्याच घराण्याचं राज्य आजही आहे.
सकाळी ११.५५ ला पहारा बदलतो, तोही तिथेच. मग खाली बंदराजवळच्या कोंदामिन भागातल्या बाजारात उतरा आणि बार्बाजुआन खा: पालेभाजी-चीजचं सारण भरलेली तळणीतली करंजीच म्हणा. जुलै-ऑगस्टपर्यंत राहणार असाल तर बंदरावरची आतषबाजीही मिळेल, फुकटात!