चिठ्ठी उघडायच्या आधी सांग

अरे, तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला आणि चहा गार झाला. कराडच्या लग्नात तू जादूच्या प्रयोगात चिठ्ठ्यांचा, बंद चिठ्ठीतलं ओळखायचा, आयटम केलास, टाळ्या पडल्या, आणि नंतर मांडवाच्या मागं एका बाईनं तुला गाठलं की आमचे मालक गेलेत, त्यांना काय सांगायचंय का तेवढं बघा. आणि तू म्हणालास, ते समाधानी आहेत. आता झोप येईना म्हणून मला विचारतोयस की काका, तिला बरं वाटलं, माझं चुकलं काय? आणि पुरावा म्हणून पिक्चर पुढं करतोयस!

पिक्चर मी पण बघितलाय. मॅजिक इन द मूनलाईट, २०१४ चा. १९२८ सालची गोष्ट, फ्रान्सचा दक्षिण किनारा, एक खडूस जादूगार आत्म्यांशी बोलणाऱ्या पोरीला उघडं पाडायला जातो आणि स्वतःच विरघळतो. तू म्हणतोस, बघा, माणसाला थोडा भ्रम लागतोच. अरे मग उत्तरार्धात झोपला होतास का? त्या पोरीला सगळं कळतं कसं? त्याच्याच जुन्या दोस्तानं, तो पण जादूगारच, तिला आधी माहिती पुरवलेली असते. आपल्याकडं बाबाचा माणूस आदल्या दिवशी टपरीवर चहा पीत बसतो, कुणाचा पोरगा आजारी, कुणाची जमिनीची केस, सगळं गोळा करून नेतो. तेच हे, फक्त कपडे भारी.

आणि पिक्चरच्या शेवटची ती टकटक, आत्म्यानं उत्तर द्यावं तशी, पण करते ती पोरगीच. ती गोड का वाटते माहितीय? कारण तोवर त्या जादूगारालाही कळलेलं असतं की टकटक कोण करतंय. अमेरिकेत फॉक्स बहिणींनी १८४८ ला अशीच टकटक ऐकवून अख्ख्या जगाला आत्म्यांच्या नादी लावलं, आणि चाळीस वर्षांनी, १८८८ ला, त्यातल्याच एकीनं स्टेजवर दाखवलं की आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांचा होता. चाळीस वर्षं! तोवर किती जणांनी आपली मेलेली माणसं त्या आवाजात ऐकली असतील.

तू म्हणशील पिक्चरमधला तो जादूगार पण स्टेजवर चिनी वेष करून फसवतोच की. खऱ्यातही असा एक होता, चुंग लिंग सू, मूळचा अमेरिकन विल्यम रॉबिन्सन, १९१८ ला लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलायचा खेळ करताना गोळी लागून गेला. पण त्याचं तिकीट लोकांनी जादू बघायला काढलं होतं रे. त्या बाईनं तुझं तिकीट काढलं नव्हतं. इतकाच फरक आहे आणि तोच सगळा आहे. आधी सांग की हातचलाखी आहे. मग काय वाट्टेल ते कर.

आपल्या साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांची माणसं जिभेवर कापूर जाळून दाखवायची आणि लगेच कसं केलं तेही सांगायची. मला तेव्हा राग यायचा, म्हणायचो आमच्या पोटावर पाय देतात. आज वाटतं त्यांच्याकडूनच शिकायला हवं होतं.

आता माझं ऐक. सव्वीसचा होतो. कोरेगावच्या पुढं एका गावात जत्रेला प्रयोग. हाच तुझा आयटम. पहिली चिठ्ठी आपल्याच माणसाची, ती ओळखली असं दाखवायचं, पण ती म्हणून फोडायची दुसऱ्याचीच आणि फोडताना डोळ्यानं वाचून घ्यायची, म्हणजे पुढची ओळखता येते, तुला मीच शिकवलंय. एका चिठ्ठीत होतं, पोरगा मुंबईला गेला तो आलाच नाही, कधी येईल. नुसतं वाचून दाखवायचं होतं, पण पब्लिक गप्प झालेलं, मला चेव आला, म्हणालो दिवाळीच्या आत येतोय. काय टाळ्या! पुढच्या वर्षी ती माउली पत्ता काढत माझ्या दारात. नारळ आणि अकरा रुपये घेऊन. म्हणाली, दादा, कोणती दिवाळी म्हणाला होतात?

मी तेव्हाही सांगितलं नाही. म्हणालो, ही.

घरी वडील अंथरुणावर होते, महिन्याला दोन प्रयोग मिळायचे, आयोजकाला चमत्कारच पाहिजे असायचा, मी काय करणार होतो? नंतर तिच्या गावी कधी गेलो नाही, एसटीनं तासाभराचं अंतर. पण त्या दिवसापासून एकही प्रयोग असा नाही की सुरुवातीला सांगितलं नाही, ही हातचलाखी आहे, माझ्यात शक्ती नाही, कुणी काही विचारायला येऊ नका. त्यापायी बुकिंग गेली, एकानं तर ॲडव्हान्स परत मागितला. जाऊ दे. आता तू म्हणशील काका स्वतः गेले नाहीत आणि मला पाठवतात. हो, पाठवतो. मला पाठवणारं कुणी नव्हतं.

तुझा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला, म्हणून तर डोकं फिरतंय माझं. हात कच्चा असता तर त्या बाईनं विचारलंच नसतं.

तो नारळ मी फोडला नाही. माळ्यावर आहे, आतलं पाणी कधीच आटलं, हलवला की गोटा वाजतो. दिवाळीत साफसफाईला बायको विचारते टाकू का, मी म्हणतो राहू दे.

लग्नघरातनं त्या बाईंचा पत्ता काढून ठेव. रविवारी साडेसातला स्टँडवर ये, कराड गाडीनं जाऊ. बोलायचं तू, मी नुसता शेजारी बसेन. आणि चिठ्ठ्या घेऊन ये, तिच्यासमोर फोडून दाखवायच्यात.