पाहुण्यांची गर्दी आणि रिकामा गल्ला

मध्ययुगीन युरोपातील टॅव्हर्न, म्हणजे वाटसरूंना पेय, जेवण आणि कधी मुक्कामाची खोली देणारे घर, चालवण्याचे संगणक-खेळ आपल्याकडच्या तरुण मंडळींत चांगलेच रुजलेले दिसतात. या महिन्याच्या टपालातील त्यांविषयीच्या निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या खेळातील टॅव्हर्नमध्ये सगळी बाके भरलेली असतात, तरीही दिवसाअखेरीस हिशेब तोट्यात जातो. दर वाढवला की गिऱ्हाईक निघून जाते, आणि नोकर वाढवले की पगारातच सगळे संपते. नेमके काय चुकते आहे?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : भरलेले बाक ही कमाई नव्हे, पेला टेबलावर पोहोचतो तेव्हाच पैसा गल्ल्यात पडतो. गिऱ्हाईक बसल्यापासून त्याच्या हातात पेला येईपर्यंत जो वेळ जातो, त्यातच आपला तोटा दडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. खेळ थोडा संथ करून एकाच वाढप्याकडे दिवसभर लक्ष ठेवावे. बहुतेक वेळा असे दिसते की, तो वाढण्यापेक्षा चालण्यातच अधिक वेळ घालवतो, कारण आपण स्वयंपाकघर एका टोकाला, पिंपे दुसऱ्या टोकाला आणि बसण्याची जागा मधोमध केलेली असते. पगार ठरलेला असल्यामुळे त्याच्या प्रत्येक फुकट फेरीचा खर्च आपल्याच अंगावर येतो. अशा स्थितीत नवा नोकर ठेवला, तर चालणारी माणसे दोन होतात आणि पेला टेबलावर पोहोचवण्याचा वेग तेवढाच राहतो.

आपल्या लातुरात शिकवणी वर्गांच्या परिसरात ज्या खानावळी आहेत, त्यांतील नीट चालणारी एखादी पाहावी. तेथे भाजी एक किंवा दोन, पोळीची परात वाढप्याच्या हाताशी आणि पाण्याचे पिंप दाराजवळ असते, म्हणून एकाच जागेवर तासाभरात अनेक पंगती उठतात. टॅव्हर्नमध्येही पदार्थांची यादी आखूड ठेवावी. प्रत्येक नवा पदार्थ वेगळे सामान मागतो, वेगळी जागा अडवतो आणि नाशवंत असेल तर न खपलेला भाग तोट्यात टाकतो.

राहता राहिली सजावट. भिंतीवरच्या ढाली, गालिचे आणि मेणबत्त्यांची झुंबरे यांवर नवखा खेळाडू पहिल्याच कमाईत हात सैल सोडतो. त्याने लौकिक वाढतो हे खरे, परंतु लौकिक वाढला की गिऱ्हाईक वाढते, आणि ज्याला वेळेवर पेला देता येत नाही असे गिऱ्हाईक वाढणे ही आपत्तीच होय. आधी मांडणी, मग यादी, त्यानंतर माणसे आणि सर्वांत शेवटी सजावट, हा क्रम धरावा. दराला तर तूर्त हातच लावू नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. माझे विद्यार्थी या खेळांतून मध्ययुग समजले असे मानतात. त्यांतील इतिहास कितपत खरा असतो?
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : लाकडी तुळया, मातीचे पेले आणि शेकोटी खऱ्या असतात, अर्थकारण मात्र आजच्या हॉटेलाचे असते. खेळात मालक मनाला येईल तो दर लावतो. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात, परंपरेने १२६६-६७ या काळातील मानल्या जाणाऱ्या पाव आणि एल यांच्या कायद्याने, पेयाचा दर धान्याच्या दराशी बांधून टाकला होता. एल म्हणजे सातूपासून गाळलेले रोजचे पेय. सातूचा एक क्वार्टर (क्वार्टर हे धान्य मोजण्याचे जुने माप, पेन्स म्हणजे एकाहून अधिक पेनी) वीस ते चोवीस पेन्सला मिळत असेल, तर शहरातील गाळणाऱ्याने एका पेनीला दोन गॅलन आणि शहराबाहेरच्याने तीन किंवा चार गॅलन एल द्यावे, असे त्यात नोंदवले आहे. गॅलन म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेचार लिटर. माप आणि प्रत तपासायला गावोगाव माणसे नेमलेली असत. वारंवार गुन्हा करणाऱ्याला लोकांपुढे उभे करून लाजवण्याची शिक्षा कायद्यात होती. प्रत्यक्षात बहुतेकांकडून दंड घेतला जाई, आणि तो इतका नेमाने घेतला जाई की त्याला परवान्याच्या शुल्काचेच रूप आले होते.

म्हणजे खऱ्या मध्ययुगात मालकाच्या हाती दर नव्हता; नासाडी कमी करणे आणि माल लवकर खपवणे एवढेच त्याच्या हाती होते. मालकाच्या म्हणण्यापेक्षा मालकिणीच्या म्हणणे अधिक योग्य, कारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या खेड्यांत एल गाळून विकणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. घरच्यापुरते गाळायचे आणि उरलेले विकायचे, असा तो धंदा. नवे एल तयार झाले की दारावर काठी टांगून शेजाऱ्यांना कळवले जाई. हे पेय काही दिवसांतच आंबट होत असल्यामुळे साठा करून दर वाढण्याची वाट पाहण्याची सोयच नव्हती. पुढे हॉप नावाच्या वेलीची फुले घातलेली बिअर नेदरलंड्सच्या बाजूने इंग्लंडमध्ये आली आणि पंधराव्या शतकात तेथे तयारही होऊ लागली. ती अधिक टिके, दूरवर नेता येई, आणि म्हणून मोठे भांडवल असलेल्यांच्या हाती गेली. घरोघर गाळणाऱ्या स्त्रिया हळूहळू बाजूला पडल्या. एका फुलाने धंद्याची मालकी कशी बदलली, हा वर्गात एक अख्खा तास घेण्याजोगा विषय आहे.

खेळ आणखी एक गोष्ट लपवतात. पेय, मद्य आणि मुक्काम एकाच छपराखाली दाखवणे त्यांना सोयीचे असते. इंग्लंडमध्ये एल विकणारे घर, द्राक्षाचे मद्य विकणारे टॅव्हर्न आणि मुक्काम देणारे इन ही साधारणपणे तीन निरनिराळी ठिकाणे होती, आणि त्यांची गिऱ्हाइकेही निरनिराळ्या ऐपतीची असत. अन्नाच्या बाबतीत बटाटा, टोमॅटो किंवा मका ताटात दिसला, तर विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे. हे तिन्ही अमेरिकेतून, म्हणजे १४९२ नंतरच युरोपात आले.

‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ हा २०२० पासून उपलब्ध असलेला खेळ या दृष्टीने मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात शेती आपणच करायची, पेय आपणच आंबवायचे आणि ते तयार होईपर्यंत थांबायचे असते, त्यामुळे वेळ हाच खरा माल आहे हे खेळणाऱ्याला आपोआप उमगते. विद्यार्थ्यांना एक प्रयोग द्यावा : दर बदलण्याची सोय असेल त्या खेळात एकदा दर ठरवून ठेवावा, तो पुन्हा कधीच बदलू नये आणि तरीही टॅव्हर्न चालवून दाखवावे. लातूरच्या विद्यार्थ्याने दराला हात लावू नये असे मी सुचवले, ते याचसाठी.

प्रश्न : आमच्या घरात माळकरी परंपरा आहे. सातवीतला मुलगा मद्य विकण्याचा खेळ खेळतो, हे मला रुचत नाही. मी थांबवावे का?
— एक पालक, परभणी

उत्तर : खेळ विकत घेण्याच्या पानावर वयोगटाची सूचना असेल तर ती आधी वाचावी, ती सातवीतल्या मुलापेक्षा मोठ्या वयाची असेल, तर प्रश्न तेथेच मिटतो. नसेल, तर एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून खेळ पाहावा. त्याचे बहुतेक लक्ष साठा, पगार आणि फरशीवरची घाण यांतच गुंतलेले आपल्याला दिसेल. तरीही घराच्या रीतीला ते पटत नसेल, तर ‘आपल्या घरात हे नको’ असे सरळ सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी खेळ वाईट असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही. हॉटेल किंवा शेती चालवण्याचे पुष्कळ खेळ आहेत आणि हिशेब त्यांतही तोच असतो.

प्रश्न : आम्ही काही मित्र संगणकशास्त्र शिकतो आणि देवगिरीवर आधारित असाच एक खेळ करण्याचा विचार आहे. इंग्लंडच्या टॅव्हर्नच्या जागी काय ठेवावे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जागा सुंदर निवडलीत, पण टॅव्हर्नला केवळ फेटा बांधून ते देवगिरीचे होणार नाही. यादवांच्या काळातील वाटसरू कोठे उतरत असे, हे पाहायचे तर ‘लीळाचरित्र’ उघडावे. त्यात चक्रधरस्वामींचे मुक्काम गावोगावच्या देवळांत आणि मठांत पडतात. तेथे खोलीचे भाडे हा विषयच नाही. त्याच देवगिरीच्या दरबारातील हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथात दानासाठी स्वतंत्र खंड लिहिला आहे. म्हणजे येथे आतिथ्याचा खर्च पाहुणा देत नाही, दाता देतो. आपल्या खेळाचा पायाच त्यामुळे वेगळा होतो : गिऱ्हाईक खूश करून पैसा मिळवण्याऐवजी, पाहुण्यांची सोय आणि दात्यांचा विश्वास या दोन्हींचा मेळ घालत कोठार रिकामे होऊ द्यायचे नाही. पावसाने ओढ दिली की एकाच वेळी दान आटते आणि वाटेवरची माणसे वाढतात, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. खेळातील कठीण टप्पा तोच ठेवावा.

विक्रीचाच खेळ हवा असेल, तर काळ थोडा पुढे न्यावा. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून येथे हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. पुढे येथे आलेल्या इब्न बतूताने दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता दुतर्फा झाडांचा असल्याचे आणि वाटेतल्या ठाण्यांवर प्रवाशाला लागेल ते सगळे मिळत असल्याचे लिहिले आहे. दौलताबादेतील द्राक्षे आणि डाळिंबे, तसेच गायक-वादकांचा तरबाबाद नावाचा बाजार, यांचीही नोंद त्याने केली आहे. अशा एखाद्या ठाण्याजवळचे दुकान चालवायचे, सरकारी जासूद, व्यापारी आणि गायक यांना निरनिराळी सेवा द्यायची, यात खेळाला लागणारे सगळे आहे. आमच्या मते दान आणि दुकान हे दोन्ही एकाच खेळात घालण्याचा मोह टाळावा. पहिली कल्पना अधिक अवघड आणि अधिक आपली आहे.

ताटाची मात्र काळजी घ्यावी. मिरची आणि शेंगदाणा सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले, म्हणून ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी या खेळात चालणार नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, दूध-दही, तिळाचे किंवा करडईचे तेल आणि तिखटासाठी मिरे ठेवावे.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. असा खेळ विकत घ्यावा का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : वर उल्लेखिलेला ‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ द्विमितीय चित्रांचा आहे, त्यामुळे साध्या यंत्रावर तो त्रिमितीय खेळांपेक्षा सुसह्य ठरण्याची शक्यता अधिक आहे. स्टीम या संगणक-खेळ विकणाऱ्या इंटरनेटवरील दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून घेतल्यानंतर सजावटीत न रमता पहिल्या तासातच टॅव्हर्न गर्दीने भरून यंत्र अडखळते का, हे तपासावे. इंटरनेट नसतानाही खेळता येईल अशी सोय स्टीममध्ये आहे, ती आधी एकदा चालू करून पाहावी. विजेच्या बाबतीत, आपण खेळात कोठवर आलो याची नोंद खेळ आपोआप केव्हा ठेवतो ते पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. अनेक खेळांत ती दिवस संपल्यावरच होते, आणि मग खेळातला दिवस लांबवत बसणे आपल्याला परवडणारे नाही.