डेबियन इन्स्टॉलर: उत्तर आधीच भरलेलं हवं, पण प्रश्नही दिसायला हवा

तुम्ही डेबियन लिनक्सच्या प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची फाइल) होस्टनेम, म्हणजे संगणकाचं नाव, समजा 'लॅब-०१', लिहून ठेवलंत आणि आता इन्स्टॉलर ते विचारतच नाही. तो तसाच वागतो: किंमत (म्हणजे उत्तर) मिळाली की प्रश्न 'पाहिलेला' धरून पुढे जातो. किंमत नुसती सुचवायची असेल, तर त्या ओळीखाली त्याच प्रश्नाची अजून एक ओळ घाला. ओळीत प्रश्नाच्या नावानंतर उत्तराचा प्रकार आणि मग किंमत येते; या नव्या ओळीत प्रकाराच्या जागी 'सीन', किमतीच्या जागी 'फॉल्स' (फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये). मग चौकटीत 'लॅब-०१' आयतं दिसेल, शेवटचे आकडे बदलून एंटर मारायचं. इन्स्टॉलर सुरू करताना बूटच्या ओळीवर हेच करायचं तर नुसत्या बरोबरच्या चिन्हाऐवजी त्याआधी प्रश्नचिन्हही द्या.

फाइल नेटवर्कवरून उचलत असाल तर मात्र होस्टनेमसाठी उपयोग नाही, कारण फाइल येईपर्यंत नेटवर्कची पायरी उरकलेली असते. ती इनिटआरडीमध्ये (बूट होताना मेमरीत चढणारी सुरुवातीची फाइलसिस्टीम) घाला, तिथली सगळ्यात आधी वाचली जाते. प्रायॉरिटी (किती महत्त्वाचे प्रश्न दाखवायचे ती पातळी) 'क्रिटिकल' ठेवली असेल तर तीही काढा, नाहीतर हा प्रश्न दडपला जाईल.

आणि कृपा करून प्रकार व किंमत यांच्यात एकच स्पेस ठेवा! जास्तीची स्पेस किमतीतच धरली जाते, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही.